अनुमोदकाचं नाव

१

नियामक मंडळाची सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकराला भरते. मी दहालाच जाते. पहिल्या मजल्यावरच्या सभाकक्षाच्या खिडक्या उघडते, लांब टेबलाभोवतीच्या बारा खुर्च्या सरळ करते, बारा विषयपत्रिका आणि बारा पेन्सिली ठेवते. त्यातल्या आठ-नऊ पेन्सिली सभासदांच्या खिशातून घरी जातात. एवढी शिकलेली माणसं, पण पेन्सिल दिसली की हात काही राहत नाही. बावीस वर्षं मी हे करते आहे. माझ्या हुद्द्याला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण महाविद्यालयात सगळे मला इतिवृत्तवाल्या बाई म्हणतात. सभेत कोण काय बोललं ते लिहायचं आणि पुढच्या सभेत वाचून कायम करून घ्यायचं, एवढंच माझं काम.

आमच्याकडे ठरावाला दोन माणसं लागतात. मांडणारा तो सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथेच बारगळतो, त्यावर चर्चासुद्धा होत नाही. मिळाला, की पुढचं सगळं आपोआप होतं. अध्यक्ष "कोणाची हरकत?" असं विचारतात, पहिली हरकत घ्यायला कोणी तयार नसतं, सगळे आपापल्या चहाकडे बघतात, आणि मी लिहिते, सर्वानुमते मंजूर. हात वर करून मतदान झालेलं मी तीनदाच पाहिलं. त्यातलं एक पंखा किती वेगात ठेवावा यावर होतं.

गेल्या महिन्यात जुना टेपरेकॉर्डर एकदाचा निकालात निघाला आणि मला काडेपेटीएवढा नवा रेकॉर्डर मिळाला. जुन्यात सगळे आवाज खरखरीतून यायचे. नव्यात हेडफोन लावला की कोणी खुर्चीत कूस बदलली तेसुद्धा कळतं. सोमवारी दार लावून मी शनिवारची सभा ऐकायला बसले. चौथा ठराव होता, प्रदीर्घ आजारामुळे प्रयोगशाळा सहायकास सेवेतून मुक्त करणे. हा सहायक एकोणीस वर्षं आमच्याकडे होता. अध्यक्षांनी ठराव वाचला, मग विचारलं, "अनुमोदन?"

अकरा सेकंद शांतता. पंखा फिरत होता, बशीवर कप टेकल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी अगदी सौम्यपणे म्हणालं, "माझं अनुमोदन आहे."

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं, मग आणखी चार वेळा. आमच्या बाराही सभासदांना मी नुसत्या खोकल्यावरून ओळखते. हा आवाज त्यांच्यातल्या कोणाचाच नव्हता. बाईचा की पुरुषाचा तेही सांगता येईना. त्यात राग नव्हता, आढ्यता नव्हती. जेवणाची वेळ झाली आहे, आता आवरा एकदाचं, असं मनात असलेल्या माणसाचा तो आवाज होता.

२

आता एक कबूल करून टाकते.

टेपच्या खरखरीत अनुमोदकाचा आवाज ओळखू यायचा नाही, असं अधूनमधून व्हायचं. सुरुवातीला मी विचारायला जायची. ज्याला विचारावं तो कानावर हात ठेवायचा. इतिवृत्तात ती जागा मोकळी ठेवता येत नाही. म्हणून मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर बारा जणांची यादी केली आणि ओळखू न आलेल्या ठरावांना पाळीपाळीने एकेकाचं नाव देऊ लागले. ज्याची पाळी झाली त्याच्यापुढे बारीकशी खूण. सभासद बदलले की यादीतली नावं बदलायची, खुणा चालूच. पुढच्या सभेत मी इतिवृत्त मोठ्याने वाचायची आणि ते कायम व्हायचं. मी असं म्हणालो नव्हतो, असं बावीस वर्षांत एकानेही म्हटलं नाही. मला वाटायचं, मी किती अचूक अंदाज करते!

प्रयोगशाळा सहायकाच्या ठरावाला डॉक्टरांची पाळी होती. डॉक्टर म्हणजे आमच्या मंडळातले सर्वांत मऊ गृहस्थ. मी नाव घालण्याआधी त्यांच्या दवाखान्यात गेले.

"चौथ्या ठरावाला अनुमोदन तुम्ही दिलंत का हो?"

"मी? छे, छे. अहो, तो माझाच पेशंट. मला वाटलं, जजसाहेब म्हणाले."

निवृत्त न्यायाधीशांना सगळे जजसाहेब म्हणतात. त्यांना वाटलं होतं, प्राचार्या म्हणाल्या. प्राचार्याबाईंना वाटलं होतं, डॉक्टर. वर्तुळ पुरं झालं. मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले. या वेळी त्यांनी चष्मा पुसत माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही इतिवृत्तात काय लिहिलंय?"

"अजून काही नाही. पण पाळी तुमची आहे." माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी 'पाळी' म्हणजे काय तेही विचारलं नाही. "मग मीच म्हणालो असेन," ते म्हणाले. "तुमच्याकडे असेल तेच खरं."

मी जिना उतरून तशीच कार्यालयात परत आले. कपाटात बावीस वर्षांच्या कॅसेटी आहेत, टाकून द्या असं लेखी सांगूनही मी टाकलेल्या नाहीत. डॉक्टरांच्या नावापुढची आजची खूण धरून वहीतल्या खुणा मोजल्या तर एकेचाळीस भरल्या. आधीच्या चाळीस ठरावांच्या कॅसेटी मी एकामागून एक लावल्या. आता काय ऐकायचं ते ठाऊक होतं, त्यामुळे खरखरीतूनही ते ऐकू आलं. तेच तीन शब्द, तोच आवाज, बावीस वर्षांत एका दिवसानेही म्हातारा न झालेला. एका विद्यार्थिनीची तक्रार दप्तरी दाखल करणे. अंध मुलांना परीक्षेत मिळणारा जादा वेळ बंद करणे. आवारातलं मोठं झाड तोडणे. एकूण एक ठराव असा, की पाठिंबा देऊन घरी कोणाला तोंड दाखवता आलं नसतं.

एसीच्या नळीतून शेजारच्या खोलीतला आवाज येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग आठवलं, एसी बसून चारच वर्षं झाली आहेत.

३

पुढच्या सभेची विषयपत्रिका मीच टाइप करते. कार्यालयातून आलेल्या यादीत सातवा विषय होता, सायंमहाविद्यालय बंद करणे.

माझी धाकटी बहीण तिथे शिकवते. घरात तिला आम्ही छोटी म्हणतो, वय सत्तेचाळीस. दिवसभर काम करून आलेली एकशे चाळीस माणसं संध्याकाळी सहा ते नऊ तिच्यासमोर बसतात. नर्सेस, ड्रायव्हर, शिलाईकाम करणाऱ्या बाया, एक तर आजोबा आहेत. छोटीनं लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. जे काही केलं ते हेच. मी यादी तिच्यापुढे ठेवली तेव्हा तिनं सातव्या विषयावर बोट ठेवलं.

"कोणी आणला गं हा विषय?"

"सूचक म्हणून अध्यक्षांचं नाव आहे. विषय कार्यालयातून आला की ते छापलेलंच असतं. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठल्याशा अहवालात होतं. अनुमोदन मिळालं नाही तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल, असंही म्हणाले."

"मग सोपं आहे," छोटी म्हणाली. "कोणी द्यायचंच नाही अनुमोदन. चल, अकरा जणांची घरं पालथी घालू."

तिचं हे असं असतं. दोन रविवार आम्ही दोघी पायाला भिंगरी लावून फिरलो. मंडळावरच्या ठेकेदारांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. जजसाहेबांनी नियम काढून दाखवला, अनुमोदक नाही तर ठराव नाही. प्राचार्याबाई म्हणाल्या, "मी स्वतः अशाच कॉलेजात शिकले. मी बरी तोंड उघडेन!" डॉक्टरांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. अकराच्या अकरा जणांनी शब्द दिला, आणि मी शपथेवर सांगते, एकही जण खोटं बोलत नव्हता.

परत येताना बसमध्ये मी छोटीला आवाजाबद्दल सांगितलं. ती हसली नाही, हे विशेष.

"ताई, तू हल्ली हेडफोन जरा जास्तच लावतेस."

"तसं असेल तर देव पावला."

"आणि तसं नसेल तर?"

"तर मी आहे," मी म्हणाले.

४

खात्री केल्याशिवाय मी काही मानत नाही. बुधवारी दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, सभाकक्ष उघडून मी एकटीच आत बसले. सगळं नेहमीसारखं होतं. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, टेबलाला पॉलिशचा वास, कोपऱ्यात माझं छोटं मेज. रेकॉर्डर चालू करून मधोमध ठेवला आणि अध्यक्षांसारखा आवाज काढून वाचलं, "ठराव. या खोलीच्या खिडक्यांना हिरवा रंग देणे. अनुमोदन?"

एक मिनिट थांबले. काही नाही. मग मला स्वतःचंच हसू आलं. हिरव्या रंगाची कोणाला लाज वाटणार? पुन्हा वाचलं, या वेळी सातवा विषय, शब्दशः. अनुमोदन?

काही नाही. खाली कोणीतरी सायकल स्टँडवर लावली, एवढंच.

हेडफोन लावून मी ते तिथेच ऐकलं. हिरव्या रंगानंतर स्वच्छ शांतता होती. सातव्या विषयानंतर मात्र शांतता सुरू होण्याआधी एक श्वास होता. बोलायच्या आधी माणूस आत घेतो तसा. बोलणं आलंच नाही, नुसता घेतलेला श्वास. आणि तो लांब कुठे नव्हता, अगदी जवळ होता.

माझाच श्वास असणार, मी मनाशी म्हटलं. खोलीत दुसरं होतं कोण? मी भराभर आवरलं आणि दार उघडलं. बाहेर बाकावर शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसले होते.

"काय हो काका, इथे का बसलात?"

"कुलूप लावायला आलो होतो," ते उठत म्हणाले. "पण आत मीटिंग चालू दिसली, म्हटलं संपू दे."

"मी एकटीच तर होते."

काकांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, मग माझ्याकडे. "असं का," म्हणाले आणि कुलूप लावायला पुढे झाले. कुलूप लावताना त्यांनी आत पुन्हा पाहिलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं. सभेत मी नेहमी मान खाली घालून लिहीत असते, शिवाय माझं मेज भिंतीकडच्या सभासदांच्या पाठीमागे आहे. बावीस वर्षांत मी या माणसांचे आवाज ऐकले, पण "अनुमोदन?" विचारल्यानंतरची त्यांची तोंडं कधी पाहिलीच नव्हती. या शनिवारी मी लिहिणार नव्हते. मी बघणार होते. जो कोणी असेल त्याला मी नाव विचारणार होते, आणि नाव मिळाल्याशिवाय माझी पेन्सिल कागदाला लागणार नव्हती.

५

शनिवारी मी माझं मेज ओढत आणलं आणि लांब टेबलाच्या टोकाला, अध्यक्षांच्या बरोबर समोर लावलं. तिथून बाराच्या बारा चेहरे दिसत होते.

"बाई, आज इकडे कशा?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोपऱ्यातून हल्ली नीट ऐकू येत नाही," मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

पहिले सहा विषय भरभर झाले. ठेकेदारांनी पेन्सिल खिशात टाकली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, काळजी करू नका अशी. मग अध्यक्षांनी घसा साफ करून सातवा ठराव वाचला. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला. सायंमहाविद्यालय चालू वर्षाअखेर बंद करण्यात यावे. सूचक, अध्यक्ष.

"अनुमोदन?"

मी पेन्सिल खाली ठेवली आणि बघायला लागले. कोणी हललं नाही. दारावरच्या घड्याळाचा काटा चालला होता. मी मोजत होते. पाच. सहा. सगळ्यांच्या माना किंचित खाली, डोळे चहाच्या कपांवर. आठ. अजून शांतता होती आणि माझ्या मनात आलं, सुटलो. नऊ. दहा.

तेव्हा प्राचार्याबाईंचे ओठ विलगले. अगदी थोडे, झोपेत विलगतात तसे. त्यांना ते कळलं नव्हतं, त्यांचे डोळे कपावरच होते. मी घाईने डॉक्टरांकडे पाहिलं, तर त्यांचेही. जजसाहेबांचे, ठेकेदारांचे, समोर अध्यक्षांचे. बारा तोंडं तेवढीच उघडली होती, आणि प्रत्येकाची हनुवटी कणभर, फक्त कणभर हलली. एकट्याचं तोंड पाहिलं असतं तर कोणी म्हटलं नसतं की हा बोलतो आहे. इतक्या थोड्यात एक अक्षरही होत नाही.

"माझं," आवाज म्हणाला. टेबलावरून, सगळीकडून, सौम्यपणे. "अनु..."

आणि त्याच क्षणी मला जाणवलं, की माझी जीभ दातांमागे वर उचलली गेली आहे.

मी दोन्ही हात तोंडावर दाबले. इतक्या जोरात, की दात ओठांत रुतले. हाताखाली माझा जबडा हलायला बघत होता. तो माझं ऐकत नव्हता, पण मी सोडलं नाही.

आवाज तिथेच तुटला. बारा माणसं अर्धवट उघड्या तोंडांनी बसून राहिली, येता येता शिंक परतल्यासारखी. मग एकेकाने तोंड मिटलं. डॉक्टरांनी रुमाल काढून ओठ पुसले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मी हात काढले. ओठाला रक्त होतं. मला भयंकर भीती वाटत होती, पण मी उभी राहिले.

"अनुमोदकाचं नाव सांगा. मला लिहायचं आहे."

सगळे पुन्हा आपापल्या कपांकडे बघायला लागले.

"आता कोणीतरी बोलायला लागलं होतं," मी म्हणाले. "ज्याला बोलायचं असेल त्यानं नाव सांगून बोलावं. मी थांबते."

मी थांबले. पूर्ण एक मिनिट, घड्याळात बघून. त्या सबंध मिनिटात डावा हात तोंडावर ठेवला होता. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"अनुमोदक नाही," ते शेवटी म्हणाले. "ठराव बारगळला. लिहा, बाई."

मी लिहिलं. उभं राहूनच लिहिलं.

६

संध्याकाळी छोटी वर्ग संपवून तशीच माझ्याकडे आली. एकशे चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, आजोबांनी तर बाक वाजवला. मला मिठी मारून झाल्यावर तिनं माझा सुजलेला ओठ पाहिला.

"हे काय झालं?"

मी सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, यादी, खुणा, एकेचाळीस नावं. तिनं गॅसवर ठेवलेला चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

"पण तू कुठे सभासद आहेस?" ती म्हणाली. "तू तर नुसती लिहितेस."

"मीही तेच समजत होते."

प्रयोगशाळा सहायकाचं काय झालं ते तिला ठाऊक होतं. ती त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेली होती. मी गेले नव्हते. मी त्या दिवशी इतिवृत्त टाइप करत होते, आणि त्यातली एकही चूक राहू नये म्हणून दोनदा तपासलं होतं. हे आठवलं आणि मला रडू आलं. छोटीनं रडू दिलं.

मग मी डोळे पुसले आणि टाइप करायला बसले. सातवा विषय पुन्हा येणार हे आम्हा दोघींना माहीत होतं. अध्यक्षांनी निघताना तसं सांगितलंही होतं, कसनुसं हसत, की असे विषय एकदा बारगळून संपत नाहीत. येऊ दे. त्या टोकाच्या जागेवरून मी आता हलणार नाही, आणि निवृत्तीला सहा वर्षं आहेत. पण त्याआधी पुढच्या सभेत पहिला विषय माझा असेल. इतिवृत्तातली चूक दुरुस्त करण्याचा विषय मांडायचा हक्क मला आहे, आमच्या नियमांत तेवढा एकच हक्क लेखनिकाला दिलेला आहे. मी लिहिलं, सोबतच्या यादीतील एकेचाळीस ठरावांस अनुमोदकाचे नाव चुकीचे नोंदले गेले आहे. त्या जागी, उपस्थित सर्व सभासद व इतिवृत्त लिहिणारी मी, असे वाचावे.

छोटीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. दोनदा वाचलं.

"ताई, हा पण ठरावच ना? याला नाही का अनुमोदक लागणार?"

"लागणार."

"अगं, मग कोण देईल? ते बारा जण? अशा ठरावाला पाठिंबा देऊन घरी कोणाला तोंड दाखवतील?"

मी कागद काढला, सही केली आणि पिशवीत रेकॉर्डरशेजारी ठेवला.

"आहे एकजण," मी म्हणाले. "बावीस वर्षांत त्यानं एकही सभा चुकवलेली नाही. या वेळी मी तोंडावर हात ठेवणार नाही."